पितळेचं बूच

कृष्णनाथ : अजून किती? एक रबराची चकती बसवायला तुला जन्म हवा?

श्रीनाथ : चकती नाही, पात्रांव. पाणी ओढायचा पंखा. हा जुना बघा. सहा पाकळ्या होत्या, आता सगळ्यांचा मिळून एक गोळा झालाय.

कृष्णनाथ : मालच भिकार. त्या कळंगुटच्या माणसानं मला वापरलेली बोट विकली की वापरून फेकलेली? काल दोन मिनिटं तर चालवलं इंजिन.

श्रीनाथ : कोरडं चालवलंत. हे इंजिन नदीचं पाणी ओढतं आणि थंड राहतं. माझ्या माडांखाली नदी खंय आसा?

कृष्णनाथ : पंचवीस वर्षं रोज सकाळी ट्रकांना सेल मारला मी. उभ्या जागी. आधी इंजिन गरम, मग चाक. एकाचं तरी काही जळलं?

श्रीनाथ : ट्रक आपलं पाणी पोटात घेऊन फिरतो. हिला ते बाहेरून मिळावं लागतं.

देवकी : इंजिनाच्या झाकणावर तसं लिहिलंय. चित्रसुद्धा आहे. काल मी वाचून दाखवत होते...

कृष्णनाथ : आणि मी काय सांगितलं?

देवकी : तोंडाला बूच मार.

कृष्णनाथ : मग? मारलेलं बूच परत काढायचं नसतं. चहा कुठाय? सकाळपासून मी आणि हा तुझा लंगडा भाऊ राबतोय, आणि तू झाकणं वाचतेस.

देवकी : चहा आत मेजावर आहे. उंडेही आहेत, गरम. पाववाला पोदेर आत्ताच सायकल वाजवत गेला.

कृष्णनाथ : इथं आण. बोटीत बसून पितो. बघू दे तरी, चाकामागं बसल्यावर कसं वाटतं. श्रीनाथ, हॉर्न ऐकलास की नाही?

श्रीनाथ : केरीच्या सगळ्या गावानं ऐकला.

कृष्णनाथ : माझ्या शेवटच्या ट्रकाचा. ट्रक दिला, हॉर्न नाही दिला. घेणाऱ्याला म्हटलं, आवाज माझा आहे, तो विकायचा नाही.

श्रीनाथ : नदीत कुणाला वाजवणार? माशांना, सुंगटांना?

कृष्णनाथ : हस. आयुष्यभर वल्ही मारत बसलास तू, तुला हॉर्नची काय किंमत?

श्रीनाथ : आयुष्यभर नाही, पात्रांव. मधली तीन वर्षं तुमच्याकडे होतो. बरं, ही जस्ताची वडी कुणी रंगवली?

कृष्णनाथ : मी. सगळं इंजिन निळं आणि मधेच ते राखाडी ढेकूळ. भिकारड्यासारखं दिसत होतं.

श्रीनाथ : ती उघडीच ठेवायची असते. खारं पाणी धातू खातं. आधी जस्त खात बसतं, तेवढ्यात इंजिन वाचतं. तुम्ही तिला रंगाखाली झाकलंत तर पाणी इंजिनाला लागणार.

कृष्णनाथ : म्हणजे ती लावायची ती खायला घालायलाच?

श्रीनाथ : तेवढंच तिचं काम. संपली की नवी लावायची.

देवकी : आमच्याकडे नवी लावावी लागली नाही. एकीवरच भागलं.

कृष्णनाथ : काय म्हणालीस?

देवकी : साखर घातलीय म्हटलं. ढवळून घ्या.

कृष्णनाथ : श्रीनाथ, तो रंग खरवडून टाक. आणि एक ऐक. उद्या धक्क्यावर पात्रांव म्हणू नको. भावोजी म्हण. शिरगावहून माणसं येतील, साखळीचे जुने ट्रकवाले येतील, हॉटेलचा मॅनेजर येईल. घरचं कार्य आहे असं दिसलं पाहिजे.

श्रीनाथ : खाणीवर ट्रकांच्या लायनीत एकदा भावोजी म्हटलं होतं. तुम्ही मला भर पावसात ट्रकाच्या टपावर बसवून धक्क्यापर्यंत नेलंत. मालकाला पात्रांवच म्हणायचं, नातं घरी ठेवून यायचं. तुमचेच शब्द.

कृष्णनाथ : तेव्हा तू क्लीनर होतास.

श्रीनाथ : आता कोण आहे?

कृष्णनाथ : आता तुझ्या जागेत माझी बोट उभी आहे. म्हणून गोड बोलतोय. उगाच जास्त ताणू नको.

श्रीनाथ : नाही ताणत. उद्या भावोजी.

कृष्णनाथ : हां. हॉटेलवाल्यानं स्पष्ट सांगितलंय, दसऱ्याला बोट पाण्यात दिसली तर पाहुणे फिरवायचा हा सीझन तुमचा. नाहीतर दुसरे चार उभे आहेत. आता माझ्याकडे ट्रक नाही, खाण नाही, हीच आहे. आणि म्हणून मी तुमच्यासारखं डोळे मिटून काम करत नाही. तुम्ही दोघं चार दिवस हिच्याभोवती फिरलात, एकाला तरी दिसलं? ये इकडं. मागं ये. वाक. खाली काय आहे?

श्रीनाथ : भोक.

कृष्णनाथ : भोक! पाणी जायची वाट. आमच्या प्रत्येक ट्रकाच्या हौद्याला असते. पावसात माल भिजला की पाणी तिथून खाली. आणि त्या गाढवानं काय केलेलं, तर त्याच्यात पितळेचं बूच आवळून ठेवलेलं. म्हणूनच आत पाणी साचून फळ्या कुजल्या. मी पाना लावून काढलं. तारेनं आतली घाण पण काढली. आता कितीही लाट आत येऊ दे, मागच्या मागं निघून जाईल. कसं?

श्रीनाथ : तुमचं डोकं, पात्रांव.

कृष्णनाथ : भावोजी.

श्रीनाथ : तुमचं डोकं, भावोजी.

देवकी : अहो, पण बोट पाण्यात बसली की ते भोक पाण्याच्या खाली येणार.

कृष्णनाथ : झालं हिचं सुरू.

देवकी : खाली आलं तर आतलं पाणी बाहेर कसं जाईल? बाहेरचंच...

कृष्णनाथ : श्रीनाथ, ही बी.एस्सी. तुझ्या बापानं आंदणात दिली होती. मी मागितली नव्हती. लग्नानंतर हिला साखळीच्या शाळेत मास्तरीण व्हायचं होतं, आठवतं? बरं झालं नाही पाठवली. एवढ्या पोरांच्या कानांचं पाप मला लागलं असतं.

देवकी : मी फक्त म्हणते...

कृष्णनाथ : तू काही म्हणू नको. सहा ट्रक पोसले मी. तुझ्या पुस्तकातल्या पाण्यावर त्यातलं एक चाक फिरलं नाही. तोंडाला बूच मार.

देवकी : मारलं.

कृष्णनाथ : मी पेंटरला घेऊन येतो. नाव घालायचं राहिलंय. आणि ते बूच तिथं माडाच्या आळ्यात फेकलंय, ते उचलून भंगारात घाल. कुणाच्या पायाला लागेल.

देवकी : उचललंय.

श्रीनाथ : स्कूटर गेली बघ वळणापलीकडं. आता मोठ्यानं बोललीस तरी चालेल.

देवकी : लागतं ना हे बूच?

श्रीनाथ : बोट जमिनीवर असली की काढायचं, पावसाचं पाणी निघून जायला. पाण्यात घालायच्या आधी लावायचं. ते पहिलं काम. ते नसलं तर ती बोट नाही, गाळणी.

देवकी : मग त्यांच्यासमोर "तुमचं डोकं" काय म्हणालास?

श्रीनाथ : त्यांनी मला विचारलं नाही, बाय. दाखवलं. विचारणं वेगळं, दाखवणं वेगळं.

देवकी : अजून तो ब्रेक धरून बसलायस.

श्रीनाथ : मी नाही धरला. ब्रेकच धरत नव्हता, तेवढंच सांगायला गेलो होतो. सारमानसच्या धक्क्यावर, सगळे ड्रायव्हर उभे होते. काय म्हणाले ते तुला सांगायला नको.

देवकी : नको.

श्रीनाथ : आणि चहा पिऊन होईतो ट्रक मागं आला. माझ्या पायावर. इस्पितळात भेटायला आले तेव्हा पहिला प्रश्न काय? चाकाला दगड का लावला नव्हतास?

देवकी : मी होते तिथं.

श्रीनाथ : होतीस. मोसंबी सोलत होतीस. गप्प.

देवकी : उद्या बोट बुडाली तर?

श्रीनाथ : धावते तोवर काही होणार नाही.

देवकी : वेगात मागचं पाणी ओढलं जातं. आत आलेलंही त्याच भोकातून बाहेर जाईल.

श्रीनाथ : बघ, पुस्तकातलं पाणीही खरं असतं. पण थांबली की उलटं. इंजिन मागं, बॅटरी मागं, टाकी मागं. आधीच बूड जड. त्यात पाणी येत राहिलं की किती वेळ लागतो?

देवकी : त्यांना पोहता येत नाही.

श्रीनाथ : जाकीट आहे. त्याचं प्लास्टिक काढलं तर. आणि मी होडी घेऊन जवळच असणार. मरू नाही देणार त्यांना.

देवकी : किती चांगला तू.

श्रीनाथ : मेला माणूस सुटतो. इंजिनात एकदा खारं पाणी गेलं की बोट संपली, माणूस उरतो. शिरगावचं घर तुम्ही आधीच भाड्यानं दिलंय. मग राहा इथंच, तुझं माहेरच आहे. माझ्या होडीवर क्लीनर लागतो मला. जाळ्यातला कचरा काढायला.

देवकी : तू वाईट आहेस, श्रीनाथ.

श्रीनाथ : असेन. पण बूच तुझ्याकडे आहे. ते आले की दे त्यांच्या हातात आणि सांग. मी अडवणार नाही. ऐकलं त्यांनी, तर मी स्वतः आवळून बसवतो.

देवकी : सांगणारच आहे.

श्रीनाथ : सांग.

देवकी : तू माझ्या बाजूनं बोलशील?

श्रीनाथ : चहा गार होतोय तुझा.

(त्याच संध्याकाळी. दोघांना घरात बसवून कृष्णनाथनं पेंटरकडून नाव घालून घेतलंय.)

कृष्णनाथ : काय गो, दोघं काय कुजबुजताय? पेंटरचं काम झालं पण. एवढ्या मोठ्या अक्षरांत घातलंय, पुढून मागंपर्यंत. कापड बांधलंय वर. उद्या मुहूर्तालाच काढायचं, त्याआधी कुणी वर केलं तर हात तोडीन.

देवकी : अहो, जरा बसा ना. एक दाखवायचंय.

कृष्णनाथ : दाखव. उभ्यानं दिसतं मला.

देवकी : हे.

कृष्णनाथ : अजून टाकलं नाहीस?

देवकी : हे पाण्यात घालायच्या आधी लावावं लागतं. नाहीतर पाणी आत येतं. मी माझ्या मनचं सांगत नाही, श्रीनाथ म्हणाला.

कृष्णनाथ : श्रीनाथ! तू म्हणालास?

श्रीनाथ : मी? तुमच्यासमोरच म्हटलं ना मी. तुमचं डोकं, म्हटलं.

देवकी : श्रीनाथ...

कृष्णनाथ : बघ. आता भावाच्या नावावर खोटं. त्या पंख्याच्या बाबतीत एकदा नशिबानं खरी निघालीस, तर डोक्यावरच बसलीस! ऐक. माझ्या बोटीत तुझं बोट नको. कळलं?

देवकी : कळलं.

कृष्णनाथ : सेजल पुण्याहून फोन करत नाही ते उगाच नाही. तुझा आवाज ऐकवत नसेल तिला.

देवकी : मला करते. दर रविवारी, तुम्ही बाजारात जाता तेव्हा. दसऱ्याला ये म्हटलं होतं तिला मी.

कृष्णनाथ : मग?

देवकी : बाबा असतील तर नको, म्हणाली.

कृष्णनाथ : ...तोंडाला बूच मार.

(दसऱ्याची सकाळ. केरीच्या धक्क्याजवळची उतरण. बोट ट्रेलरवर, पाण्याच्या अगदी कडेला.)

कृष्णनाथ : झेंडू मागं नको, पुढं बांध. लिंबू-मिरची मधोमध. वाकडी झाली, सरळ कर! ट्रकाला बांधताना नाही वाकडी झाली कधी. या या, मॅनेजर साहेब, पुढं या, तिथं चिखल आहे. ही आमची मिसेस. आणि हा तिचा भाऊ, घरचाच माणूस.

श्रीनाथ : भावोजींचा जुना क्लीनर.

कृष्णनाथ : मस्करी करतो. लहानपणापासून मस्करीच. साहेब, ही बोट म्हणजे नवीच समजा. आतून-बाहेरून मी स्वतः बघितलीय, एक खिळा सोडला नाही.

श्रीनाथ : भावोजी, जाकीट घाला.

कृष्णनाथ : पांढऱ्या शर्टावर? फोटो आहेत आज. सीटवर असू दे. प्लास्टिक काढू नको, डाग पडतील.

श्रीनाथ : हाताशी तरी ठेवा.

कृष्णनाथ : ठेवतो रे. चला, वेळ झाली. देवकी, अशी लांब का उभी? इकडं ये. कापड तू ओढ.

देवकी : मी?

कृष्णनाथ : मग कोण, मॅनेजर? ओढ. जोरात. हां! आता वाच. झाकणं वाचतेस ना, हेही वाच. सगळ्यांना ऐकू जाऊ दे.

देवकी : देवकी.

कृष्णनाथ : पहिल्या ट्रकावर आईचं होतं. मग लईराई, मग सेजल, मग पुन्हा लईराई. तुझं राहूनच गेलं. मी बोलून दाखवत नाही म्हणजे मला कळत नाही असं नाही.

श्रीनाथ : अक्षर बरं काढलंय.

कृष्णनाथ : रडतेस काय? लोक बघतायत. पूस डोळे.

देवकी : अहो, चढू नका.

कृष्णनाथ : काय?

देवकी : एक मिनिट थांबा. इथंच आहे माझ्याकडे, कमरेला. श्रीनाथ आत्ताच्या आत्ता बसवेल. तुम्ही फक्त हो म्हणा. त्या मागच्या भोकाला...

कृष्णनाथ : घ्या! ऐकलंत, मंडळी? बोटीला बायकोचं नाव घातलं, आणि बायको ऐन मुहूर्ताला भोकाचं काढते!

देवकी : हसू दे त्यांना. मी पाया पडते तुमच्या.

कृष्णनाथ : हळू बोल. देवकी, तुझं नाव का घातलं सांगू? तीच एक देवकी अशी आहे, जी बोलत नाही. आता तोंडाला बूच मार आणि नारळ फोड.

देवकी : श्रीनाथ, नारळ दे.

श्रीनाथ : घे. बाय, जपून, दगड निसरडा आहे.

देवकी : बघितलाय.

कृष्णनाथ : एका घावात! वा! लईराई माते, सांभाळ गे. चढलो मी. श्रीनाथ, सोड ट्रेलर. ढकल.

श्रीनाथ : ढकलू?

देवकी : मला का विचारतोस?

श्रीनाथ : कमरेला काय आहे तुझ्या, म्हणून.

देवकी : ढकल.

श्रीनाथ : इंजिन लागलं पहिल्याच हाकेला. बघ, नाक कसं उचललंय तिनं.

देवकी : पंखा चांगला बसवलास.

श्रीनाथ : कामात मी खोटेपणा करत नाही.

देवकी : फक्त बोलण्यात.

श्रीनाथ : काल खोटं नाही बोललो मी. "तुमचं डोकं" एवढंच म्हटलं होतं, तेच परत म्हटलं. ते बघ, मागनं धार सुटलीय. आत जाईल ते बाहेर फेकतेय.

देवकी : फेरीबोटीच्या पुढं गेले.

श्रीनाथ : न थांबता वळले तर येतीलही तशीच. लोक टाळ्या वाजवतील.

देवकी : आले तर बूच लावू.

श्रीनाथ : आले तर.

देवकी : त्यांचाच फोन. हॅलो.

कृष्णनाथ : हॅलो! ऐकू येतंय? इंजिन ऐक गो, कसं घुमतंय! शिरगाववाल्यांना सांग, मोबाईल काढा. मी इथं मधोमध बंद करून आडवी उभी करतो, तुझं नाव काठाकडं. फोटोत सगळं आलं पाहिजे.

देवकी : थांबवू नका.

कृष्णनाथ : काय?

देवकी : बंद करू नका. आहे त्या वेगानं वळा आणि सरळ वाळूवर चढवा. आत्ता काही विचारू नका. चढवा.

कृष्णनाथ : वाळूवर? नवा रंग खरवडून काढू? तुला माझं चांगलं झालेलं कधी बघवलंय? सगळं जग टाळ्या वाजवतंय, आणि हिचं आपलं... तोंडाला बूच मार, आणि मॅनेजरला सांग, फोटो काढ.

देवकी : सांगते.

श्रीनाथ : काय म्हणाले?

देवकी : फोटो काढायला सांगितलंय.

श्रीनाथ : थांबले. इंजिनही बंद केलं.

देवकी : हं.

श्रीनाथ : उभे राहून हात करतायत. हॉर्न वाजवला, ऐकलास? मॅनेजर काढतोय फोटो.

देवकी : माझं नाव दिसतंय?

श्रीनाथ : सगळं दिसतंय.

देवकी : अजून?

श्रीनाथ : मागं थोडी बसलीय. "की" पाण्याला लागलीय आता.

देवकी : होडी काढ.

श्रीनाथ : जरा दम धर. त्यांना अजून कळलेलं नाही. कळू तरी दे.

देवकी : काढ म्हटलं मी. जा म्हटलं नाही. वल्हं हातात घेऊन उभा राहा.

श्रीनाथ : बाय...

देवकी : काय?

श्रीनाथ : काही नाही. राहतो उभा. "की" गेली बघ. मागं वळून बघतायत आता. वाकले. फोन काढतायत.

देवकी : वाजतोय.

श्रीनाथ : घे की.

देवकी : घेते. हॅलो.

कृष्णनाथ : देवकी, पाणी! बोटीत पाणी आलंय! मागं गुडघ्याएवढं. त्या भोकातून जायला हवं होतं ते, जात का नाही? चावी फिरवतोय, काही होत नाही, बॅटरी पाण्यात गेलीय. मागं कलली गो ही. श्रीनाथला विचार काय करायचं. लवकर विचार! हॅलो? दिसतेस मला इथून, कानाला फोन लावून उभी आहेस. त्याला नको विचारू. तूच सांग. तुला माहीत असतं, तू वाचलेलं असतंस. सांग ना, ऐकतो मी. देवकी, ऐकतोय मी! अगो बोल की! तोंडाला बूच मारलंय काय?

देवकी : नाही. हातात आहे.